लाइटमोटिफला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रपटत्रयीच्या (२००१ ते २००३) पार्श्वसंगीतावर मराठीत लिहायचं आहे. त्यात वेगवेगळ्या प्रसंगी परतून येणाऱ्या सुरांना ‘लाइटमोटिफ’ म्हणतात. त्यासाठी ‘पालुपद’ चालेल का? की ‘ध्रुपद’, ‘मुखडा’, ‘धून’ यांतलं काही घ्यावं? उच्चार लाइट की लीट? आणि शब्द तो, ती की ते?

पालुपद नको. मी ‘सूचक सुरावट’ सुचवेन, आणि पहिल्या उल्लेखात तिच्या शेजारी ‘लाइटमोटिफ’ हा मूळ शब्दही द्यावा.

पालुपदाची जागा ठरलेली असते. कडवं संपलं की ते येतं, त्याच शब्दांत, त्याच चालीत, आणि ऐकणारा त्याची वाट बघत असतो. लाइटमोटिफ कधी येईल हे कथा ठरवते. तो दर वेळी तसाच येत नाही, आणि न बदलता येत राहिला तर त्याचं निम्मं काम बुडतं. शिवाय बोलण्यात ‘त्याचं तेच पालुपद’ ही तक्रार असते. तो भाव या संगीताला चिकटू देऊ नये.

‘ध्रुपद’ शब्दाने वाचकाला आधी गायकी आठवेल. ‘मुखडा’ समेकडे नेतो, म्हणजे त्याचं नातं तालाच्या आवर्तनाशी असतं, पात्राशी किंवा प्रसंगाशी नसतं. ‘पकड’ त्यातल्या त्यात जवळची, कारण मोजक्या सुरांत ओळख पटवणं हेच तिचं काम. पण ती ओळख रागाची. इथे चार सुरांतून एखादं गाव, एखादी जमात किंवा अंगठी ओळखायची असते. नाट्यशास्त्रातलं ‘बीज’ही मोहात पाडतं. सुरुवातीला थोडंसं पेरलेलं आणि पुढे पसरत जाणारं, हे वर्णन हुबेहूब लागू पडतं. मात्र ते कथावस्तूचं अंग आहे. संगीताविषयी लिहिताना वापरलं तर प्रत्येक ठिकाणी खुलासा करावा लागेल.

‘धून’ची अडचण वेगळी. धून म्हटली की पूर्ण, गुणगुणता येईल अशी चाल डोळ्यांपुढे येते. शायर या हॉबिट नावाच्या बुटक्या जमातीच्या प्रदेशाची सुरावट तशी आहे खरी. डी स्वराला सा मानलं तर ती सा रे ग प, ग रे सा अशी निघते. एवढंच ऐकून आपल्या कानाला भूप वाटतो, पण पुढच्या तुकड्यात ग प ध सां नी प ग, म ग रे असे निषाद आणि मध्यम दोन्ही येतात. तेव्हा लेखात ‘भूप रागातली’ असं लिहू नका. आयझेनगार्ड या दुष्ट जादूगाराच्या गडाचं मात्र सगळं वेगळं. तिथली ओळख पटते ती पाच मात्रांच्या आवर्तनाने आणि ऐरणी, पत्रे, साखळ्या यांच्या आघातांनी. त्यावर पितळी वाद्यांची सुरावट येते, पण ती येण्याआधीच आपण आयझेनगार्डला पोचलेलो असतो. याला धून म्हणता येत नाही, ‘सुरावट’ही ओढूनताणूनच म्हणावी लागते. अशा ठिकाणी ‘सूचक ठेका’ म्हणावं. म्हणजे या जोडशब्दात खरं वजन ‘सूचक’ला आहे. पुढचं नाम सुरावट, ठेका, स्वरगुच्छ असं गरजेप्रमाणे बदलू द्यावं.

आता ‘वारंवार येणारी’ या विशेषणाविषयी. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. एखादी सुरावट लाइटमोटिफ आहे की नाही हे तीन गोष्टींवरून तपासावं: ती निरनिराळ्या प्रसंगी परतते का, दर वेळी एकाच व्यक्तीशी, स्थळाशी किंवा कल्पनेशी बांधलेली असते का, आणि कथा पुढे गेली की तिचं रूप बदलतं का. पहिल्या अटीवर थांबणारे लेख पुष्कळ दिसतात. मग कोणतीही दोनदा वाजलेली चाल लाइटमोटिफ ठरते.

तिसरी अट संगीतकार हॉवर्ड शोअर यांनी ज्या धीराने पाळली आहे, त्यासाठी तरी हा शब्द नेमका वापरायला हवा. गोंडोर राज्याची सुरावट पहिल्या चित्रपटात, रिव्हेंडेल या एल्फांच्या वस्तीतल्या सभेत गोंडोरचा बोरोमिर बोलत असताना एकट्या हॉर्नवर येते, आणि बहुतेकांच्या लक्षातही राहत नाही. तिचं पूर्ण, भरजरी रूप ऐकायला तिसऱ्या चित्रपटात जादूगार गँडाल्फ गोंडोरच्या राजधानीत, मिनास तिरिथला, पोचेपर्यंत थांबावं लागतं. अंगठी नष्ट करायला निघालेल्या नऊ जणांच्या संघाची सुरावट उलट्या वाटेने जाते. आधी तुकड्यातुकड्यांनी जमते, नऊ जण एकत्र निघाल्यावर पूर्ण वाद्यवृंदात उभी राहते, आणि गँडाल्फ पडल्यावर, संघ विखुरल्यावर पुन्हा मोडत जाते. शायरची सुरावट सुरुवातीला टिन व्हिसलवर आणि फिडलवर खेळते. तिसऱ्या चित्रपटात माउंट डूम या डोंगराच्या उतारावर हॉबिट सॅम आपल्या थकलेल्या सोबत्याला, फ्रोडोला, शायरची आठवण करून देतो, तेव्हाही तीच येते, पण तिचं ते जुनं खेळकरपण उरलेलं नसतं. अंगठीच्या इतिहासाची सुरावट चित्रपटाचं नाव पडद्यावर येताना व्हायोलिनवर ऐकू येते आणि पुढे अंगठी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना परतते. डग अ‍ॅडम्स यांनी या संगीतावरच्या २०१० सालच्या पुस्तकात अशा ९०हून अधिक सुरावटी नोंदल्या आहेत.

म्हणून ‘तीच धून पुन्हा वाजते’ हे वाक्य टाळावं. ‘तीच’ आणि ‘वाजते’ हे दोन्ही शब्द चुकीच्या बाजूला नेतात. सुरावट डोकावते, उमटते, विस्तारते, तुटते, दुसऱ्या सुरावटीत मिसळते. क्रियापद नेमकं निवडलं की विशेषणांची गरजच पडत नाही.

वाद्यांची नावं लिहिताना मराठी वाचकाला हाताशी असलेला शब्द जरूर द्यावा. रोहान या घोडेस्वारांच्या राज्याच्या सुरावटीत हार्डांगर फिडल हे नॉर्वेचं वाद्य आहे. त्यात वाजवायच्या तारांखाली अनुनादाने झंकारणाऱ्या आणखी तारा असतात. आपल्याकडे सतारीला आणि सारंगीला असतात त्या तरफा याच जातीच्या, म्हणून ‘तरफांचं फिडल’ म्हटलं की वाचकाला त्या आवाजाची कल्पना लगेच येते. लोथलोरियन या एल्फांच्या वनाच्या संगीतात तर सारंगी प्रत्यक्षच आहे, आणि तिथली सुरावट अरबी संगीतातल्या हिजाज या मकामाला (स्वरांच्या चौकटीला) धरून आहे. कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. आपल्या बसंत मुखारीचे स्वर हेच. पण स्वर तेच म्हणून राग तोच होत नाही, तेव्हा ‘बसंत मुखारीच्या स्वरांतली’ म्हणावं, ‘बसंत मुखारीतली’ नको. अंगठीने झपाटलेल्या गोलमच्या सुरावटीतल्या सिंबालोमला ‘संतूरच्या कुळातलं हंगेरियन वाद्य’ एवढं पुरे.

आता मूळ शब्द. तो जर्मन आहे. पहिला अर्धा ‘लाइटन’ म्हणजे नेणं, वाट दाखवणं, या क्रियापदातून आला. दुसरा ‘मोटीफ’. जर्मनमध्ये ‘ई’नंतर ‘आय’ आलं की उच्चार ‘आइ’ होतो. म्हणून ‘लीटमोटिफ’ चूक, ‘लाइटमोटिफ’ बरोबर, आणि उजेडाच्या इंग्रजी ‘लाइट’शी त्याचा संबंध नाही. १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइटला संगीतकार रिशार्ड वाग्नर यांचं ‘निबेलुंगची अंगठी’ हे चार ऑपेरांचं चक्र पहिल्यांदा सलग सादर झालं, आणि त्याच वर्षी हान्स फोन वोल्झोगेन यांनी त्यातल्या सुरावटींची मार्गदर्शिका काढली. शब्द रूढ झाला तो तिथून. तो आधीपासून होता, आणि वाग्नर स्वतः मात्र तो क्वचितच वापरत.

लिंगाबाबत: जर्मनमध्ये तो नपुंसकलिंगी आहे, पण मराठीत ‘तो मोटिफ’ रुळला आहे, म्हणून ‘तो लाइटमोटिफ’, अनेकवचनी ‘ते लाइटमोटिफ’ लिहावं. सामान्यरूप न करता प्रत्यय सरळ जोडावा: लाइटमोटिफचा, लाइटमोटिफला. ‘मोटिफाचा’ व्याकरणात बसतं, पण वाचताना अडखळायला होतं. एकट्या ‘मोटिफ’साठी लोकसाहित्याचे अभ्यासक ‘कल्पनाबंध’ वापरतात. तो कथांसाठी उत्तम आहे, सुरांसाठी घेऊ नये.

तुमच्या लेखातलं पहिलं वाक्य असं करता येईल: ‘गोंडोरची सूचक सुरावट (लाइटमोटिफ) पहिल्या चित्रपटात एकट्या हॉर्नवर डोकावते.’ त्यानंतर कंस नको, आणि दोन-तीन परिच्छेदांनी ‘सूचक’ही गाळून नुसतं ‘गोंडोरची सुरावट’ म्हटलं तरी चालेल.