दुकानातल्या ‘मँगो आइस’ व्हेपची चव घरच्या लिक्विडला का येत नाही? मँगो इसेन्स घालून चालेल का?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये डिस्पोजेबल (एकदा वापरून फेकायचे व्हेप) बंद झाल्यापासून तुमचं आवडतं मँगो आइस मिळेनासं झालंय. घरी पीजी-व्हीजीमध्ये (प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन, व्हेप लिक्विडचा मूळ द्रव) मँगो फ्लेवर मिसळला तर नुसता उग्र वास येतो, म्हणून आता गावाहून आणलेली इसेन्सची बाटली वापरून बघायचा विचार आहे.

ती बाटली शिऱ्यासाठी ठेवा. खायच्या इसेन्समध्ये कधी तेल असतं, कधी साखर, कधी रंग. साखर कॉइलवर (लिक्विड तापवणाऱ्या तारेवर) करपते, हे एक वेळ परवडलं. पण तेलाची वाफ फुप्फुसात गेली की तिथे सूज धरते. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप करणारी माणसं दगावली, तेव्हा संशयाची सुई मुख्यतः गांजाच्या अर्काच्या व्हेप कार्ट्रिजमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटकडे वळली होती, आणि तेही तेलकटच. व्हेपसाठीच विकले जाणारे, पीजीमध्ये विरघळवलेले कॉन्सन्ट्रेट घ्या. कॅपेला, फ्लेवरआर्ट, इनावेरा ही नावं ब्रिटनमध्ये ऑनलाइन सहज मिळतात.

आता चवीचं. खरं सांगायचं तर त्या डिस्पोजेबलमध्ये आंबा बेताचाच होता. जिभेवर राहायचा तो गारवा आणि गोडवा. गारव्यासाठी डब्ल्यूएस-२३ नावाचं रसायन घालतात. त्याला पुदिन्याचा वास नसतो, नुसतं थंड लागतं, त्यामुळे फळाच्या आड येत नाही. गोडव्यासाठी सुक्रालोज, म्हणजे कृत्रिम साखर. ओठांना लागणारी ती गोळीसारखी गोडी त्याचीच. या दोन गोष्टी न घालता लोक मँगोचं प्रमाण वाढवत बसतात आणि लिक्विड साबणासारखं लागायला लागतं. तुमचं नेमकं हेच झालेलं दिसतंय.

आंब्याचा वास एका रसायनाचा नसतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरंच काम झालंय. फळ पिकताना त्यात लॅक्टोन नावाची वासाची रसायनं वाढतात, आणि पीचच्या वासातही लॅक्टोनच पुढे असतात. म्हणून मँगोमध्ये चिमूटभर पीच घातलं की तो एकदम पिकल्यासारखा वाटतो. रसाळपणा हवा असेल तर इनावेराचा कॅक्टस फ्लेवर. नाव विचित्र आहे, पण काम चोख. मात्र हात आखडताच ठेवा, जास्त झाला तर सगळं कोरफडीच्या रसासारखं लागतं.

मी सुरुवातीला हे धरेन, २० ग्रॅमच्या बाटलीसाठी: कॅपेला स्वीट मँगो १ ग्रॅम, पीच ०.२, कॅक्टस ०.१, डब्ल्यूएस-२३ चं ३० टक्क्यांचं द्रावण ०.२, कॅपेला सुपर स्वीट (सुक्रालोजचं द्रावण) ०.१. उरलेलं पीजी-व्हीजी, पॉड (पुन्हा भरता येणारा छोटा व्हेप) असेल तर निम्मं-निम्मं. आधी निकोटिन न घालताच चव बघा. दर वेळी एकच घटक बदला आणि बाटलीवर तारीख-प्रमाण लिहून चिकटवा, नाहीतर चांगलं जमलेलं पुन्हा जमायचं नाही.

वरचे आकडे ग्रॅममध्ये आहेत ते मुद्दाम. थेंब मोजणं म्हणजे अंदाजपंचे कारभार. प्रत्येक बाटलीच्या तोंडाचा थेंब वेगळा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, त्यावर रिकामी बाटली ठेवून शून्य करा आणि एकेक घालत जा. व्हीजी शेवटी घाला, ते पाकासारखं घट्ट असतं आणि एकदम भस्सकन पडतं. मग जोरात हलवा. फळांचे फ्लेवर एक-दोन दिवसांत बसतात. आठवडे मुरवत ठेवणं कस्टर्डवाल्यांसाठी.

एका बाबतीत मात्र हुबेहूब जमणार नाही. डिस्पोजेबलमध्ये बहुधा दर मिलीला २० मिलिग्रॅमचं निकोटिन सॉल्ट (घशाला कमी लागणारं निकोटिन) असायचं. ब्रिटनमध्ये कायद्याने मिळणारा शॉटही (मिश्रणात ओतायचं निकोटिनचं द्रावण) जास्तीत जास्त दर मिलीला २० मिलिग्रॅमचा, १० मिलीच्या बाटलीत. तो १० मिली शॉट तुमच्या १० मिली मिश्रणात ओतला की ताकद १० वरच येते. फ्लेवरही निम्मा पातळ होतो, म्हणून शॉट घालणार असाल तर वरची प्रमाणं शॉटसकट होणाऱ्या एकूण वजनावर काढा. जास्त तीव्रतेचं निकोटिन कुठून तरी मागवण्याच्या भानगडीत पडू नका. ते कातडीतूनही शोषलं जातं. साध्या शॉटलाही हातमोजे घाला, आणि घरात लहान मूल असेल तर बाटल्या कुलपात. आंब्याचा वास येणारी बाटली त्याला सरबतच वाटणार.

‘मँगो लस्सी’सारखं काही करायचा मोह झाला तर क्रीमचा फ्लेवर घेताना डायअसिटिल नाही ना ते बघून घ्या. लोण्याचा वास देणाऱ्या याच पदार्थाने पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांची फुप्फुसं कायमची बिघडली होती.

भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी: तिथे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, आयात आणि साठा सगळंच गुन्हा आहे, तेव्हा हे तिकडे करून बघू नका. आणि सुट्टीत मुंबईला जाताना तुमचा पॉडही इथेच ठेवून जा.