गांधींचं श्रमदान आणि बुद्धांचा धम्म एकत्र घेऊन गावात काम करता येतं का?

तुम्ही विचारलंय की श्रीलंकेतल्या सर्वोदय श्रमदान चळवळीत गांधी आणि बुद्ध गुण्यागोविंदानं नांदले, मग पुणे कराराची (१९३२ साली गांधींच्या उपोषणापुढं बाबासाहेबांना दलितांचे स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले, तो करार) सल अजून ज्यांच्या मनात आहे अशा महाराष्ट्रात हे जमेल का. आणि तुम्हाला तुमच्या गावात तरुण मंडळाकडून श्रमदान सुरू करायचंय.

मी शिरोळ तालुक्यातल्या एका बौद्ध वस्तीत वाढलो. नोकरीमुळं कोल्हापुरात राहतो, पण गाव सुटलेलं नाही. माझं उत्तर असं की जमतं, पण काम वाटून कसं दिलं जातं यावर सगळं अवलंबून आहे.

आधी 'श्रमदान' या शब्दाचं सांगतो. तुमच्या मंडळातल्या पोरांना तो शब्द पवित्र वाटत असेल. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना तसा वाटत नाही. आपल्याकडं गावात कामाचे दोन कायदे होते. ज्यांच्याकडं जमीन आणि बैल, त्यांच्यात पैरा चालायचा: आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. कुठं इर्जिक घालायचे, दिवसभर सगळ्यांनी मिळून एकाचं रान नांगरायचं आणि संध्याकाळी त्याच्याकडं जेवायचं. सुंदर रीत होती. पण पैरा बरोबरीच्यांत होतो. ज्याला जमीन नाही त्याला पैरा कसला? त्याच्या वाट्याला वेठ. दवंडी दे, सांगावा घेऊन जा, लाकडं फोड, मेलेलं जनावर ओढून ने. मजुरी नाही आणि 'नाही' म्हणायची सोयही नाही. शाहू महाराजांनी १९१८ ते १९२० च्या दरम्यान आपल्या संस्थानात महार वतन, म्हणजे पिढीजात गावकीची कामं करायची बांधिलकी, आणि वेठबिगारी बंद करायला हुकूम काढले. संस्थानाबाहेर मुंबई राज्यात कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. त्यामुळं 'गावासाठी फुकट राबा' असं कोणी म्हटलं की आमच्या आज्ज्याचे कान टवकारायचे. तो विचारायचा, "कोण कोण राबणार?"

हाच प्रश्न घेऊन मी श्रीलंकेच्या चळवळीबद्दल मिळेल ते वाचलं, आणि तिची सुरुवात कुठं झाली हे कळल्यावर माझं मत बदललं. ए. टी. आरियरत्ने हे कोलंबोच्या नालंदा कॉलेजात शिक्षक होते. १९५८ साली ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कनतोलुव नावाच्या गावात गेले. ते गाव रोडिया समाजाचं. तिथल्या जातिव्यवस्थेत सगळ्यात खाली ढकललेला, भीक मागून जगायला लावलेला हा समाज. म्हणजे बौद्ध देशातही जात होती. शहरातली चांगल्या घरची पोरं त्या गावात राहिली, तिथल्या माणसांच्या बरोबरीनं मातीत उतरली. आरियरत्ने पुढं भारतात येऊन विनोबांना भेटले, भूदान-ग्रामदान बघितलं, आणि 'सर्वोदय' हा गांधींचा शब्द घेऊन गेले. पण नेताना त्याचा अर्थ वाढवला. गांधींच्या सर्वोदयात सगळ्यांचं कल्याण आहे. आरियरत्न्यांनी 'उदय' म्हणजे जागं होणं असं घेतलं: सगळ्यांनी जागं व्हायचं, गाव जागं करायचं. १९६९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९६ साली भारत सरकारचा गांधी शांतता पुरस्कार. एप्रिल २०२४ मध्ये ते गेले.

त्यांनी चार आर्यसत्यं गावाला लावून दाखवली, ते मला फार आवडतं. गावाची पडझड झालीय, हे पहिलं. तिला कारणं आहेत: हाव, भांडणं, अज्ञान. ही पडझड थांबवता येते. आणि थांबवायचा मार्ग आहे. आमच्या वस्तीत दर पौर्णिमेला विहारात आर्यसत्यांवर बोलणं होतं, पण ती तुंबलेल्या गटाराला लावून बघावीत असं कोणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

गावात वागायचं कसं, यासाठी त्यांनी बुद्धांची चार संग्रहवस्तू, म्हणजे माणसं जोडून ठेवणारी चार तत्त्वं, धरली. दान, प्रियवचन, अर्थचर्या आणि समानात्मता. पहिली तीन आपल्या ओळखीची आहेत. द्या, गोड बोला, उपयोगी पडा. गावातला कोणताही सज्जन पाटील एवढं करतच होता, पोळ्याला घास देत होता आणि बोलायलाही गोड होता. चौथं अवघड. समोरच्याला आपल्यासारखाच धरून त्याच्या बरोबरीनं वागायचं. हे चौथं नसेल तर पहिली तिन्ही उपकार होतात. त्यांच्या शिबिरात रोज सगळे एकत्र बसतात, त्याला ते कुटुंबसभा म्हणतात, आणि एकमेकांना नात्यानं हाक मारतात. सिंहलीत थोरल्या बहिणीला 'अक्का'च म्हणतात. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गल्लीतल्या आक्का आठवल्या. त्या सगळ्या गावच्या आक्का होत्या, पण त्यांच्या हातचं पाणी सगळं गाव पीत नव्हतं.

आता २०१९ चं सांगतो.

त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पुढं गेलं. तिथं धोक्याची पातळी ४३ फूट आहे, यावरून अंदाज करा. आमच्या तालुक्यात तर कृष्णेचंही पाणी चढलेलं. आठवड्यानं पूर ओसरला आणि मागं राड राहिली. घराघरांत मांडीएवढा चिखल, भिजून कुजलेलं धान्य, आणि गोठ्यांत दाव्याला बांधल्या जागी मेलेली जनावरं. वास असा की तोंडाला रुमाल बांधूनही जेवण जाईना. राज्यभरातून मदत येत होती. भाकरी, चादरी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. लोकांनी मनापासून दिलं, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

एका बोळात गोठ्यात म्हैस मरून पडली होती. बोळ अरुंद, जेसीबी आत येत नव्हता, आणि बोळाच्या तोंडालाच विहीर. सकाळी मला एकाचा फोन आला. ओळखीचा माणूस, वाईट नाही. म्हणाला, "तुमच्या वस्तीतली चार पोरं पाठव, म्हस ओढायची हाय."

माझा पुतण्या शेजारीच खोरं घेऊन उभा होता. तीन दिवस तो दुसऱ्यांच्या घरातला चिखल काढत होता. त्यानं फोनवरचं ऐकलं आणि खोरं भिंतीला टेकवलं. "काका, आज्ज्यानं हे काम सोडलंय. मी धरणार नाही."

त्याचं बरोबर होतं. मेलेली जनावरं ओढू नका, हे बाबासाहेबांनी आमच्या माणसांना सांगितलं ते उगाच नाही. एका कामाला एक जात जोडून ठेवली की ती जात त्या कामाच्या वासासकट ओळखली जाते. इथंच गांधी आणि बाबासाहेब यांच्यातला खरा फरक आहे असं मला वाटतं. गांधी म्हणाले की भंगीकाम पवित्र आहे, ते प्रत्येकानं करावं, आणि आश्रमात त्यांनी स्वतः केलं, सगळ्यांना करायला लावलं. बाबासाहेब म्हणाले की कामाची थोरवी गाऊन माणसाला त्यात अडकवू नका, त्याला त्यातून बाहेर पडू द्या. मला विचाराल तर दोघांचं एकत्र वाचलं पाहिजे. काम सगळ्यांनी करायचं हे खरं, पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं त्यांना आधी 'नाही' म्हणता आलं पाहिजे. तो हक्क नसेल तर गांधींचा झाडू आमच्या हातात वेठीचाच झाडू होतो.

पण म्हैस तिथंच होती, आणि विहीरही.

मी मारुतीच्या पारावर गेलो. काम करणारी सगळी पोरं तिथं जमायची. मी म्हणालो, "म्हैस सगळ्यांनी मिळून ओढायची असेल तर आम्ही येतो. आमच्याच पोरांनी ओढायची असेल तर कोणी येणार नाही." कोणी काही बोलेना. दोघंतिघं मोबाइलमध्ये बघायला लागले. मग गावातले एक निवृत्त मास्तर उठले. जैन घरातले, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि म्हणाले, "कासरा कुठाय? पुढचे पाय मी धरतो." त्यांच्यामागं म्हशीच्या मालकाचा थोरला मुलगा निघाला, मग तालमीतली दोन पोरं, मग मी. बोळात शिरताना बघितलं तर पुतण्या सगळ्यात मागं येऊन उभा. एक शब्द बोलला नाही. मास्तरांच्या मागं त्यानं कासरा धरला. ओढताना मास्तरांचा पाय राडीत घसरला तेव्हा त्यानंच त्यांना कमरेला धरून सावरलं.

खड्डा खणला, मीठ आणि चुना टाकून म्हैस पुरली. परत आल्यावर मालकिणीनं कळशीतून सगळ्यांच्या हातावर पाणी घातलं आणि चहा आणला. मी पन्नाशीचा माणूस, पण चहा आला की कप बघायची सवय माझी जात नाही. सगळे स्टीलचे, एकसारखे. मी दोनदा बघितलं.

यानं गाव बदललं असं मी म्हणणार नाही. आमची वस्ती आजही नदीकडच्या अंगालाच आहे, पाणी आधी आमच्याच उंबऱ्याला लागतं. ती तिथं का आहे हे सगळ्यांना माहीत आहे. वरच्या बाजूला जागा मिळावी म्हणून आमचे अर्ज चालू आहेत, आणि त्यासाठी श्रमदान नाही, संघटना लागते. सर्वोदयाच्या वाटेची कमजोरी मला इथं दिसते. भूदानात विनोबा दारोदार फिरले, पोचमपल्लीत १९५१ साली एका जमीनदारानं १०० एकर दिली, तो क्षण मोठा होता. पण देणाऱ्याचं मन बदलेपर्यंत घेणाऱ्यानं किती पावसाळे थांबायचं? जिथं हक्काचा प्रश्न आहे तिथं अर्ज करा, मोर्चा काढा, कोर्टात जा. बुद्धांचं नाव घेऊन कोणी तुम्हाला गप्प बसायला सांगत असेल तर ऐकू नका. बाबासाहेबांनी १९५६ साली स्वीकारलेला धम्म स्वाभिमानाचा आहे. त्यांनी करुणेच्याही पुढं मैत्रीला ठेवलं, आणि मैत्री बरोबरीशिवाय होत नाही.

हे दोन्ही प्रवाह एका माणसात कसे वाहतात ते बघायचं तर धर्मानंद कोसंबींचं चरित्र वाचा. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस, बुद्धाच्या ओढीनं १९०२ साली सिलोनला जाऊन पोचला, पाली शिकला. पुढं १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला, मुंबईत परळला श्रमिकांच्या वस्तीत बहुजन विहार उभा केला, आणि १९४७ साली सेवाग्रामला गांधींच्या आश्रमात देह ठेवला. आपल्या भाषेत हे आधीच होऊन गेलंय, श्रीलंकेपर्यंत जायचीही गरज नाही.

आणि कोल्हापुरात तर गंगाराम कांबळे होऊन गेले. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. नुसते पैसे देऊन महाराज थांबले असते तर ते दान झालं असतं. ते स्वतः त्या हॉटेलात जाऊन चहा प्यायले आणि बरोबरच्या सरदारांनाही प्यायला लावला. समानात्मता हा शब्द मला कळला तो या गोष्टीमुळं.

तुमच्या मंडळासाठी मी एवढंच सांगेन. पहिल्या दिवशी फोटो आणि टी-शर्ट ठरवण्याआधी यादी करा: गटारात कोण उतरणार, खोरं कोण मारणार, घमेली कोण वाहणार, चहा कोण करणार. यादी केली की गाव जसंच्या तसं तुमच्यासमोर येईल, कारण हात आपोआप आपापल्या जागी जातात. वरच्या आळीतली पोरं घोषणा आणि चहापाण्याकडं, खालच्या आळीतली गटाराकडं. बाया असतील तर भाकरीकडं. त्यामुळं आम्ही चिठ्ठ्या टाकतो. मे महिन्यात, वळवाच्या आधी, गावातला ओढा साफ करायचं काम दरवर्षी असतं. पारावर एका डब्यात चिठ्ठ्या, आणि ज्याच्या हाताला जे येईल ते. बदलून मिळत नाही. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, दोघं घरी निघून गेले. एक दुसऱ्या वर्षी परत आला, दुसरा अजून येत नाही.

गेल्या मे महिन्यात सरपंचांना मोरी आली आणि मला चहा. मी स्टोव्ह विहाराच्या कट्ट्यावर मांडला, सावली तिथंच होती. साडेदहाला सगळे तिथं आले, हात धुतले आणि चहा घेतला. काहींनी दोनदा मागितला.