जुन्या घराच्या भिंतीला फिनिशच्या आतला प्लास्टरचा थर कोणता द्यावा?

तुम्ही लिहिलंय की इंदुरातल्या रामबागेत आजोबांचं घर आहे, दोन खोल्यांचं प्लास्टर सुटलंय, आणि इंग्लंडमधले व्हिडिओ बघून ब्राउनिंग, बाँडिंग की हार्डवॉल घ्यावं ते कळत नाही.

ही तिन्ही तिकडची जिप्समची प्लास्टरं, फिनिशच्या, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराच्या, आत लावायची. भिंत किती पाणी ओढते यावर ती ठरतात. पाणी ओढणाऱ्या विटेला ब्राउनिंग, गुळगुळीत काँक्रीटला बाँडिंग, आणि जिथे धक्के बसतात तिथे हार्डवॉल. साधारण 11 मिलिमीटरचा हा थर आणि वर 2 मिलिमीटर फिनिश. या नावांच्या पिशव्यांसाठी सियागंजचा बाजार पालथा घालू नका. पण आधी भिंत बघायची, मग माल ठरवायचा, ही त्यांची रीत जरूर घ्या.

आमचंही घर जुनंच, चुन्यात बांधलेल्या विटांचं. ठेकेदाराने ओल थांबेल म्हणून एकास तीनचं, म्हणजे एक भाग सिमेंटला तीन भाग वाळूचं, प्लास्टर केलं. एक पावसाळा गेला आणि जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर पांढरा लोणा, म्हणजे क्षार, फुटला. थापीच्या टोकाने जरा उचकटलं तर ताटाएवढी खपली अखंड हातात आली. तिच्या पाठीला विटेचा लाल भुगा चिकटलेला होता. म्हणजे प्लास्टर शाबूत आणि वीटच सोलून निघाली! फार वाईट वाटलं. ओल चढतच होती, सिमेंटने तिची बाहेर पडायची वाट अडवली होती, आणि मागे साठलेल्या क्षारांनी मऊ वीट फोडली. म्हणून मी ठामपणे सांगतो, भिंतीपेक्षा कडक थर तिच्यावर चढवू नका.

तुमच्या भिंतीतले विटांमधले सांधे खिळ्याने खरवडून बघा. पांढरट, भुसभुशीत माल निघाला तर तो चुना. तिथे चुन्याचंच प्लास्टर करा: एक भाग भिजवून मुरवलेला चुना, तीन भाग वाळू. ओलीच्या पट्ट्यात वाळूतला एक भाग कमी करून सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, घाला, म्हणजे दमट जागीही ते धरतं. वाळू आपल्याकडे नर्मदेची येते. मूठभर ओली वाळू तळहातांवर चोळा, मातकट डाग राहिला तर धुऊनच वापरा. चुना कालवताना हातमोजे आणि चष्मा घालाच, डोळ्यात गेला तर भाजतो. चुन्याचं काम येणारा मिस्त्री शोधावा लागेल, पण शोधा. आपल्या काळ्या मातीत पाया वर्षभर थोडा हलतो, आणि तेवढी हालचाल चुना सोसतो.

सांध्यात करडं, टणक सिमेंट निघालं तर काम सोपं. आतल्या भिंतीला एकास सहा, 12 मिलिमीटर पुरे. छताच्या काँक्रीटला आधी टाचे मारून, म्हणजे छिन्नीने खाचा पाडून, एकास चार, 6 मिलिमीटर. वीट आणि बीम जिथे भेटतात तिथे जाळीची पट्टी ठोका, नाहीतर तिथेच भेग पडते. जिप्सम फक्त कोरड्या आतल्या भिंतीला, न्हाणीघरात नको.

प्लास्टर कुठलंही असो, पोकळ वाजणारा सगळा भाग पाडा, सांधे बोटाच्या पेराच्या निम्मे खोल खरवडा, भिंत आदल्या दिवशी भिजवा. लावताना ती दमट हवी, पाणी चकाकायला नको. खड्डा 20 मिलिमीटरहून खोल असेल तर दोन थरांत भरा, आणि पहिला थर ओला असतानाच त्यावर आडव्या-तिरप्या रेघा ओढा. सिमेंटला निदान सात दिवस पाणी मारा. चुना सावलीत, दमट ठेवून हळूहळू वाळू द्या, आणि त्यावर प्लास्टिक पेंट लावू नका, चुन्याचाच रंग द्या.

तुम्ही म्हणता ओल फक्त मोरीमागच्या भिंतीला आहे. प्लास्टर पाडण्याआधी तिथला नळाचा पाइप तपासून घ्या.