‘इंट्रोव्हर्टेड’ म्हणजे लाजाळूच ना? हा शब्द मुळात आला कुठून?

नाही, लाजाळू नव्हे. ही गल्लत सर्रास होते आणि मला ती मनापासून खटकते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या शब्दाच्या पोटातच आहे. लॅटिनमध्ये ‘इंट्रो’ म्हणजे आतल्या बाजूला आणि ‘व्हर्टेरे’ म्हणजे वळवणे. इंट्रोव्हर्टेड म्हणजे आत वळलेला. त्यात ना भीती आहे, ना संकोच, ना माणूसघाणेपणा. आहे ती फक्त दिशा.

हा ‘व्हर्टेरे’ आपल्याला परकाही नाही. संस्कृतातला ‘वृत्’ धातू त्याचा भाऊबंद. दोघांचं इंडो-युरोपीय मूळ एकच. आवर्तन, परिवर्तन, निवृत्त, वर्तुळ ही सगळी त्याच गोतावळ्यातली मंडळी.

इंग्रजीत 17व्या शतकात हा शब्द क्रियापद म्हणून वावरत होता: चित्त आत वळवणे, तेही बहुधा धार्मिक चिंतनाच्या संदर्भात. 19व्या शतकात तो प्राणिशास्त्रात शिरला, आणि मला सगळ्यात आवडतो तो हा टप्पा. समुद्राच्या वाळूत राहणारे, शेंगदाण्यासारखे दिसणारे काही कृमी असतात. त्यांच्या शरीराच्या तोंडाकडच्या निमुळत्या भागाला ‘इंट्रोव्हर्ट’ म्हणतात. धोका जाणवला की स्नायू आखडून हा भाग हातमोज्याच्या बोटासारखा उलटा होऊन धडात जातो आणि खाण्याच्या वेळी पुन्हा बाहेर येतो.

आजचा अर्थ रुळला तो स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्यामुळे. मानसिक प्रकारांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ 1921 साली आला, इंग्रजी अनुवाद 1923 साली. मनाची ऊर्जा बाहेरच्या जगाकडे वाहते की आतल्या, हा त्यांचा निकष होता. दोन्ही ओढी प्रत्येकात असतात, एक सवयीने वरचढ ठरते, असं ते मानत.

लाजाळू माणसाला बोलायचं असतं, पण लोक काय म्हणतील या धास्तीने त्याचे शब्द घशात अडकतात. इंट्रोव्हर्टेड माणूस व्यासपीठावर तासभर अस्खलित बोलेल. नंतर मात्र त्याला थोडा एकांत हवा असतो. एकाच माणसात दोन्ही असू शकतं, पण कारणं वेगळी.

मराठीत ‘अंतर्मुख’ चपखल बसतो. एकच सांभाळा: ‘ती बातमी ऐकून तो अंतर्मुख झाला’ यातली अवस्था तेवढ्यापुरती आहे, तर इंट्रोव्हर्टेड हा कायमचा पिंड. म्हणून स्वभावाबद्दल लिहिताना ‘अंतर्मुख स्वभावाचा’ असं पूर्ण लिहावं.