फॉर्मवरचा तो रकाना कोरा ठेवू नका

रेडिंगहून एका आईचं पत्र आलंय. मूळच्या सोलापूरच्या, लग्नानंतर इंग्लंडात स्थायिक. मुलगा अठरा वर्षांचा होतोय. गणितात पक्का, कॉम्प्युटर सायन्सला तीन विद्यापीठांनी जागा देऊ केली आहे. ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान लहानपणीच झालं होतं. शाळेनं आजवर छान सांभाळून घेतलं. आता घरात दोन तट पडलेत. यूकासच्या, म्हणजे तिथल्या विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक अर्जात अपंगत्वाचा रकाना होता तो कोरा सोडला, कारण जुळे सोलापूर भागात राहणारे आजोबा फोनवर म्हणाले, "पोरगं हुशार आहे की, उगं शिक्का कशाला मारून घ्यायचा?" काकांचं म्हणणं वेगळंच. मुलाला इकडंच पाठवा, इथं इंजिनिअरिंग करू दे, पुढं अक्कलकोट रोड एमआयडीसीतला आपला टॉवेलचा कारखाना आहेच. आई विचारतात, कोणाचं ऐकू?

ताई, आधी रकान्याचं बोलू, कारण त्याला तारखा आहेत. तो कोरा राहिला म्हणून काही बुडालेलं नाही. जे विद्यापीठ नक्की होईल तिथल्या अपंगत्व-साहाय्य विभागाला थेट ईमेल करता येतो, कोर्स सुरू झाल्यावरसुद्धा. पण ए-लेव्हलचा, म्हणजे तिथल्या बारावीचा निकाल ऑगस्टच्या मध्याला लागतो आणि सप्टेंबरअखेर मुलं हॉस्टेलवर पोचतात. त्या मधल्या दिवसांत सगळ्यांचेच ईमेल तिथं जाऊन पडतात. तुमचा आत्ताच जाऊ द्या. लिहायचा मुलानं, तुम्ही फक्त शेजारी बसायचं. त्याचं कारण पुढं सांगते.

शिक्क्याची भीती मला कळते. आपल्याकडं निदान सांगितलं की शेजारीपाजारी आधी मुलीच्या नाहीतर मुलाच्या लग्नाचा हिशोब करतात. तिथं तो कागद वेगळ्या कामाला येतो. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यानं विद्यापीठावर वाजवी सोयी देण्याचं बंधन घातलंय: परीक्षेला जादा वेळ, वेगळी शांत खोली, लेक्चरचं रेकॉर्डिंग, वर्गापुढं बोलण्याऐवजी एकट्या प्राध्यापकांपुढं सादरीकरण. कारण कळलं तरच हे मिळतं. प्रवेश देताना अपंगत्वावरून डावलणं त्याच कायद्यानं बेकायदा आहे. शाळेतली ईएचसीपी, म्हणजे विशेष गरजांच्या मुलासाठी आखलेली मदतीची योजना, विद्यापीठाच्या दारात संपते, आणि शाळेच्या परीक्षांत मिळालेला जादा वेळही आपोआप पुढं येत नाही. तिथं पुन्हा पहिल्यापासून मागावं लागतं. पैशांचंही आहे. तुमचा मुलगा ब्रिटिश नागरिक आहे आणि तिथंच वाढलाय, म्हणजे डीएसए या अपंग विद्यार्थ्यांच्या सरकारी भत्त्याला अर्ज करता येईल. तो आईवडिलांच्या उत्पन्नावर ठरत नाही आणि परतही करावा लागत नाही. त्यातून ऑटिझमची जाण असलेला मार्गदर्शक मिळू शकतो, जो दर आठवड्याला बसून कामांची आखणी करून देतो. सॉफ्टवेअर मिळतं, कॉम्प्युटर मिळाला तर पहिले 200 पौंड आपण भरायचे. मला विचाराल तर कॉम्प्युटरपेक्षा तो माणूस जास्त मोलाचा. जे वाचक तिथं अजून वर्क व्हिसावर आहेत त्यांच्या मुलांना डीएसए सहसा मिळत नाही, पण समानता कायद्याच्या सोयी परदेशी विद्यार्थ्यांनाही लागू आहेत. हा फरक लक्षात न घेता अनेक जण दोन्ही सोडून देतात.

आता मूळ मुद्दा. अशी हुशार मुलं विद्यापीठात अभ्यासामुळं सहसा मागं पडत नाहीत. लेक्चर रद्द झाल्याचा ईमेल न वाचता रिकाम्या वर्गात तासभर बसतात. ग्रुप प्रोजेक्टमध्ये कोणी काय करायचं हे बाकीच्यांनी व्हॉट्सअॅपवर अर्धवट इशाऱ्यांत ठरवलेलं असतं, यांना त्याचा पत्ताच नसतो. सामाईक स्वयंपाकघरात रात्री गोंगाट असतो म्हणून जेवायलाच जात नाहीत, बिस्किटांवर आठवडा काढतात. फायर अलार्मची चाचणी एकदा झाली की पुढचे दोन दिवस झोप नाही. कोणाला सांगायचं हे माहीत नसतं, आणि घरी फोनवर विचारलं की उत्तर एकच, "ठीक आहे." डिसेंबरात विद्यापीठाचं पत्र हाती येतं तेव्हा कळतं की दोन असाइनमेंट दिलेल्याच नाहीत.

आजवर तुमच्या मुलासाठी मागण्याचं काम तुम्ही केलंत. शाळेच्या मीटिंगा, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट, सगळे ईमेल तुमचे. आता तो सज्ञान झाला की त्याच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ तुमच्याशी त्याच्याबद्दल बोलणार नाही, फी तुम्ही भरत असलात तरी. संमतीचा कागद सुरुवातीलाच भरून घ्या. पण खरी तयारी म्हणजे मागायची सवय. डॉक्टरांची पुढची अपॉइंटमेंट त्यानं घ्यावी. फोन जमत नसेल तर ऑनलाइन घ्यावी, तेही घेणंच. एक छोटं वाक्य त्याच्याकडून लिहून घ्या आणि ते त्याच्या फोनमध्ये राहू द्या: "मी ऑटिस्टिक आहे, तोंडी सूचना माझ्या लक्षात राहत नाहीत, लेखी द्याल का?" खोली बघताना स्वतंत्र बाथरूमची, स्वयंपाकघरापासून लांबची मागा आणि बाकीच्यांच्या एक-दोन दिवस आधी राहायला जायची परवानगी मागा. बरीच विद्यापीठं ती देतात. कपडे धुणं, बिल भरणं, आठवड्याचा बाजार हे उन्हाळ्यात घरीच होऊ द्या. हे सगळं अभ्यासापेक्षा कमी दर्जाचं वाटतं आपल्याला. भाकरी थापायला न शिकवता मुलींना सासरी पाठवणं आपण जुन्या काळीही केलं नाही, मुलांना मात्र बिनदिक्कत परगावी पाठवत आलो.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी थोडक्यात: शाळेतला आयईपी, म्हणजे मुलासाठी खास आखलेला शिक्षणाचा आराखडा, हायस्कूलबरोबर संपतो. कॉलेजात 1973 च्या पुनर्वसन कायद्याचं कलम 504 आणि 1990 चा एडीए हा अपंगांच्या हक्कांचा कायदा हेच आधार, आणि दोन्हींत विद्यार्थ्यानं स्वतः जाऊन सांगायचं असतं. शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या 1974 च्या फर्पा कायद्यामुळं कॉलेजात गेलेल्या मुलाच्या नोंदींवरचे हक्क त्याच्याकडं जातात. म्हणजे तिथंही आधी त्याचा आवाज.

काकांच्या प्रस्तावाकडं येऊ. यातलं शिक्षण मला पटत नाही, कारखाना अर्धा पटतो.

सोलापुरात शिकायला काय वाईट? वालचंद इन्स्टिट्यूट आहे, अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ आहे, कित्येक पोरं इथून शिकून थेट तुमच्याच देशात नोकरीला गेलीत. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव आहेत, आणि परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा देण्याची केंद्राची मार्गदर्शक सूचना आहे. काका हेच सांगत असतील. पण मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार, त्यानंतर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) घेतलेल्यांना अशा प्रवेशांत एनआरआय जागांसाठी स्पर्धा करता येते, फक्त भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांवर हक्क सांगता येत नाही. सरकारी नोकरीतलं आरक्षणही त्याच्यासाठी नाही. म्हणजे इकडच्या राखीव जागांचा फायदा बहुधा मिळणार नाही आणि तिकडचा सुटेल. शिवाय कायदा असूनही आपल्या कॉलेजांत अशा मुलासाठी रोज उपलब्ध असणारा माणूस शोधून सापडायचा नाही. इथले प्राध्यापक मायाळू असतात, सांभाळून घेतील, पण ती एका माणसाची मर्जी झाली. त्यांची बदली झाली की संपलं.

कारखान्याचं मात्र जरूर करा, पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळी सुट्टीत. ओसीआय असेल तर कामासाठी वेगळा एम्प्लॉयमेंट व्हिसा लागत नाही. जुलैत या, मे महिन्यात सोलापूरचं ऊन आपल्यालाच सोसत नाही. एक मात्र काकांना ठणकावून सांगा: त्याला मागांच्या शेडमध्ये उभं करायचं नाही. पॉवरलूमचा तो खटखटाट ज्यांना जन्मापासून सवयीचा आहे त्यांना ऐकूही येत नाही, पण ज्याच्या कानाला मिक्सरचा आवाज टोचतो त्याचं काय होईल? तपासणी, पॅकिंग, स्टॉकची नोंद, निर्यातीच्या कागदांतले आकडे जुळवणं, अशी कामं भरपूर आहेत. तपासणीच्या टेबलावर टॉवेलचा एक सुटलेला धागा ज्याच्या नजरेतून निसटत नाही असा माणूस कुठल्याही मालकाला हवाच असतो.

घरच्या कारखान्यात धोका वेगळा असतो. तिथं वरिष्ठ कोण हेच ठरलेलं नसतं. काका एक सांगतात, चुलतभाऊ दुसरं, काकू डबा पाठवताना तिसरं, आणि कामगार आपसांत तेलुगूत बोलतात. "जरा बघून घे रे तेवढं" हे वाक्य त्याला काहीच सांगत नाही. "साडेअकरापर्यंत या गठ्ठ्यातले दोनशे नॅपकीन तपास, खराब असतील ते डाव्या पेटीत टाक" हे सगळं सांगतं. तेव्हा एकच माणूस नेमा, तो काका नसला तर उत्तम. सकाळी कामं कागदावर द्या. येण्या-जाण्याची वेळ ठरलेली. पगार बाहेरच्या पोराला द्याल तेवढाच, रोखीत खिशात न कोंबता बँकेत. आणि शेवटी कारखान्याच्या लेटरहेडवर खरंखुरं प्रमाणपत्र, ज्यात त्यानं नेमकं काय केलं ते लिहिलेलं असेल. पुढं नोकरीच्या अर्जात तेच लागणार आहे. पुतण्याला बसायला खुर्ची दिली, चहा पाजला आणि महिन्याला हातखर्च दिला, तर त्याचा काही उपयोग नाही, आणि त्याला ते कळतंही. या मुलांना कळत नाही असं समजणं हा आपला जुना गैरसमज.

नोकरीचं चित्र तिकडंही फार गोड नाही. ब्रिटन सरकारसाठी रॉबर्ट बकलंड यांनी ऑटिस्टिक लोकांच्या नोकऱ्यांचा आढावा घेतला, त्याच्या फेब्रुवारी 2024 च्या अहवालानुसार काम करण्याच्या वयातल्या दहा ऑटिस्टिक माणसांपैकी जेमतेम तिघांना नोकरी आहे, तर अपंगत्व नसलेल्या दहांपैकी आठांना. अडतं बहुतेक मुलाखतीपाशी. डोळ्यांत बघून बोलणं, "स्वतःबद्दल सांगा"सारखा अघळपघळ प्रश्न, पाच मिनिटांत पाच अनोळखी माणसं. म्हणून प्रश्न आधी लेखी मागावेत, किंवा मुलाखतीऐवजी कामाची चाचणी घ्यायला सुचवावं. हे मागणं कायद्यात बसतं. नोकरीची ऑफर देण्याआधी तब्येतीबद्दल विचारायला मालकांना तिथं काही अपवाद वगळता बंदी आहे, तरी सोय हवी असेल तर आपणच तोंड उघडावं लागतं. ॲक्सेस टु वर्क या सरकारी योजनेतून नोकरीवर मदतनीस किंवा कोच मिळू शकतो, पण अर्ज उमेदवारानं करायचा आणि वाट बरीच बघावी लागते, म्हणून ऑफर हातात पडताच करावा.

खास ऑटिस्टिक तंत्रज्ञांना घेणाऱ्या कंपन्याही आहेत. डेन्मार्कची स्पेशालिस्टर्ना 2004 पासून, बर्लिनची ऑटिकॉन 2011 पासून, आणि एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीनं 2013 पासून असा कार्यक्रम चालवलाय. अर्ज जरूर करू द्या, पण त्या मोजक्या जागांवर भरवसा ठेवून बसू नका. आणि सॉफ्टवेअर तपासणं हेच सगळ्या ऑटिस्टिक मुलांचं नशीब असल्यासारखं कोणी बोलू लागलं तर सरळ विषय बदला. तुमच्या मुलाला कदाचित रेल्वेचं वेळापत्रक लावायला आवडेल.

राहिले आजोबा. ते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते असं तुम्ही लिहिलंय, मग त्यांना समजावणं सोपं आहे. मिलमध्ये भोंगा ठरल्या वेळी व्हायचा, खातं ठरलेलं, मुकादम ठरलेला, काम ठरलेलं. ज्याला चारचौघांत बोलता येत नव्हतं असा माणूसही तिथं तीस वर्षं चोख नोकरी करून गेला. असे दोन-तीन जण त्यांना नक्की आठवतील. नातवासाठी विद्यापीठाकडं आपण तेवढंच मागतोय, हे त्यांना सांगा. पण हे तुम्ही सांगा, मुलाला सांगायला लावू नका. आणि विद्यापीठाला ईमेल जाण्याआधी त्यांच्या होकाराची वाट बघत बसू नका.