तीन थेरप्या आणि पाच घास

"मॅडम, फिजिओ, ओटी, स्पीच एकदम चालू ठेवलं तर पोराला झेपेल का? की एक संपवून दुसरी धरू?" सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचाल आणि तोल सांभाळणं अवघड जातं ती अवस्था) असलेल्या मुलांचे पालक हे हमखास विचारतात. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी.

असंच विचारणाऱ्या एका आईच्या पिशवीत तीन वह्या होत्या. प्रत्येक थेरपिस्टने घरी करायला दिलेला सराव. बेरीज केली तर रोजचे अडीच तास! मुलगा ७ वर्षांचा, वही दिसली की रडायचा.

"ताई, जेवताना तो कुठे बसतो?"

"माझ्या मांडीवर. मीच भरवते, पटकन उरकतं."

तिथूनच धागा सापडला. तिन्ही थेरपिस्टशी बोलून एकच गोष्ट ठरवली: दुपारचे पहिले ५ घास त्याने स्वतः खायचे. फिजिओने खुर्ची बघितली. पाठ-कंबर टेकलेली, खुबा, गुडघा, घोटा काटकोनात, पावलांखाली पाट. पाय लोंबकळले की धड सावरण्यातच सगळी ताकद जाते, हात कडक होतो. मग चमचा उचलणार कसा? ओटीने चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून तो जाड केला, ताटलीखाली ओलं फडकं घातलं, वरणभात घट्ट कालवायला सांगितला. स्पीचवाल्या म्हणाल्या, मान मागे असताना घास नको, ठसका लागतो. आणि "अजून?" विचारलं की त्याच्या उत्तरासाठी मनात १० आकडे मोजा.

ते १० आकडेच सगळ्यांत जड गेले. आई तिसऱ्यालाच चमचा पुढे करायची. सहाव्या आठवड्यात ती आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "काल नऊपर्यंत थांबले. त्याने ताटलीवर थाप मारली अन् 'अ' म्हणाला!" 'अजून'मधला 'अ'. सरळ बसला होता, चमचा मुठीत होता, म्हणूनच तो आवाज निघाला. रोजच्या जेवणाइतका सराव आठवड्याच्या दोन सेशनमध्ये मिळत नाही, हे मी पालकांना आग्रहाने सांगते.

तेव्हा एक संपायची वाट बघू नका. मात्र दोन नव्या थेरप्या एकाच आठवड्यात सुरू करू नका. ४ ते ६ आठवड्यांचं अंतर ठेवलं तर कशाने फरक पडला ते कळतं. कडक स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं असेल तर स्नायूंचा सैलपणा साधारण ३ महिनेच टिकतो. त्या काळात स्ट्रेचिंग आणि स्प्लिंटला (हात-पाय योग्य स्थितीत धरणारा आधार) पहिला मान, बाकीचं हलकं करा. झोप उडाली, आवडतं खेळणंही नकोसं झालं, तर भार जास्त झालाय. थेरपिस्टना सांगून सराव कमी करून घ्या.

तीन वह्या आता नाहीत. एकच आहे, आणि प्रत्येक थेरपिस्ट आधीच्याचं पान वाचून पुढचं लिहितो.