एल्डोराची माती

प्रश्न : काका, आपण १९७०च्या दशकात ओहायोला गेलात. तिथे मातीच्या गोल ट्रॅकवर जुन्या मोटारींच्या शर्यती होत, असं वाचलं. आपण पाहिल्यात का? आणि मातीवर गाडी वळते तरी कशी? — एक वाचक, कराड

उत्तर : पाहिल्या, पोटभर पाहिल्या. डेटनला आमच्या कारखान्यातला एक टर्नर भंगारातली शेव्हरोले घरामागच्या शेडमध्ये उभी करत होता. मागची सीट, काचा सगळं काढलेलं. आतला पायपांचा पिंजरा त्यानं स्वतः वेल्ड केला होता, दारावरचा आकडा त्याच्या मुलीनं रंगवला होता. १९७८च्या उन्हाळ्यात तो मला एल्डोराला घेऊन गेला.

मक्याच्या शेतांमधला हा अर्ध्या मैलाचा ट्रॅक. अर्ल बाल्टेस हा मूळचा बँडवाला. नाचाचा हॉल चालवत होता. १९५४ साली त्यानं हॉलशेजारीच ट्रॅक सुरू केला आणि बायको बर्नीसच्या साथीनं पन्नास वर्षं चालवला. १९७१पासून तिथे दर सप्टेंबरात ‘वर्ल्ड हंड्रेड’ ही शंभर फेऱ्यांची शर्यत होते. जिंकणाऱ्याला पृथ्वीचा गोल मिळतो.

आता वळण्याचं. मी कोल्हापूरचा. तालमीत लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवताना मी लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून मला ते लगेच उमगलं. दुपारी ट्रॅकवर पाणी मारायचे, मग गाड्या फिरवून फिरवून माती दाबून घ्यायचे. संध्याकाळी ती चिकट असते, टायर धरून ठेवते. फेऱ्या होतील तशी ती सुकते, खालची, म्हणजे आतल्या कडेची, वाट काळी आणि गुळगुळीत होते, आणि उडालेली भुसभुशीत माती वर बाहेरच्या भिंतीकडे बांधासारखी साठते. डावीकडे वळायचं असतं, पण मागची चाकं बाहेर घसरत असतात, म्हणून पुढची चाकं उजवीकडे धरायची आणि गाडी आडवी ठेवून ॲक्सिलरेटरवर काढायची. उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा मोठं बसवतात, त्यानं गाडी आपसूक डावीकडे ओढते. खालून जायचं की त्या बांधाला चाक टेकवून भिंतीलगत, हे ज्याला आधी कळलं तो पुढे. नुसत्या इंजिनाच्या जोरावर तिथे कुणी जिंकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही चौथ्या वळणाशी बसलो होतो. गाड्या आल्या की आधी आवाज छातीत, मग ढेकळं अंगावर. माझ्या पांढऱ्या शर्टावरचे डाग हिनं चारदा धुतले तरी गेले नाहीत.

मित्र त्या रात्री पात्रता फेरीतच मागे पडला, मुख्य शर्यतीत उतरलाच नाही. परतीच्या वाटेवर मात्र माती नेमकी कधी सुकली आणि आपण वर सरकायला किती उशीर केला, एवढंच बोलत होता. सोमवारी सकाळी सातला तो लेथवर उभा होता. नखांत अजून तीच माती होती.